छोट्या कुत्र्यांचं वेट फूड: पाऊचच्या मागचे आकडे वाचायचे कसे? (नाशिककर, मदत करा)

चिकूची_ताई
नमस्कार मंडळी. आमचा चिकू, पॉमेरियन, वय तीन, वजन ४ किलो, नसबंदी झालेली. ड्राय फूड खातो पण पाणी फारच कमी पितो, उन्हाळ्यात तर जास्तच जाणवतं, म्हणून वेट फूडचे पाऊच सुरू करावेत असं घरात चाललंय. इंदिरानगर, कॉलेज रोड, मेनरोड, जिथे जिथे दुकानात विचारलं तिथे प्रत्येकाने वेगळंच पाऊच हातात ठेवलं आणि कारण एकच, "ताई हे सगळे नेतात." सगळे नेतात म्हणून माझ्या चिकूला चांगलं, हे काही मला पटत नाही.

आता माझ्यासमोर ८० ग्रॅमचं एक पाऊच आहे, मागे बारीक अक्षरात लिहिलंय: क्रूड प्रोटीन किमान ७.५%, फॅट किमान २.५%, फायबर कमाल १%, मॉइश्चर कमाल ८४%. आणि त्याच्या ड्राय फूडच्या पिशवीवर प्रोटीन २४%, फॅट १०%, मॉइश्चर १०%. म्हणजे पाऊचमध्ये ड्रायच्या एक तृतीयांशसुद्धा प्रोटीन नाही? मग ४५ रुपये कशाचे घेतात, पाण्याचे? आणि "रिअल चिकन" वगैरे जे पुढे मोठ्ठं लिहितात त्याला काही अर्थ असतो का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. ब्रँडचं नाव सुचवू नका, मला बघायचं कसं ते शिकायचंय.

जेलरोडकर
ताई, राग मानू नका पण एवढा विचार कशाला करता. मी प्रेसमधून रिटायर झालो, आयुष्यभर कुत्री पाळली, दूध-पोळी, कधी चिकनचं पाणी-भात, सगळी धडधाकट जगली. हे पाऊच वगैरे आत्ता आत्ता आलं. पाणीच पाजायचंय तर चिकन उकडलेलं पाणी घाला.

टायगरचे_पप्पा
वाचतोय. आमचा डॅशहुंड आहे, त्याला मागे पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) होऊन गेलाय, डॉक्टरांनी फॅट कमी ठेवा सांगितलंय. या पाऊचवर फॅट २.५% दिसतंय म्हणजे हे आमच्यासाठी एकदम बेस्ट ना? ड्रायमध्ये तर १० असतं.

अंबड_लॅबवाला
मी अंबड एमआयडीसीत एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे, खाद्यपदार्थ आणि पशुखाद्याचे सॅम्पल रोज हाताखालून जातात म्हणून आकड्यांपुरतं मी लिहितो, बाकी तब्येतीचं जाणकार सांगतील.

चिकूची_ताई, टक्के असे शेजारी ठेवून बघायचेच नाहीत. आधी दोन्हीतलं पाणी काढून टाका. पाऊचमध्ये ८४ पाणी म्हणजे १०० ग्रॅममध्ये खरा ऐवज फक्त १६ ग्रॅम. त्या १६ मध्ये ७.५ प्रोटीन, म्हणजे ७.५ भागिले १६, जवळजवळ ४७%. ड्रायमध्ये ऐवज ९० ग्रॅम, त्यात २४, म्हणजे साधारण २७%. आता बघा, उलटं झालं की नाही? याला ड्राय मॅटरवर काढलेला आकडा म्हणतात आणि दोन पदार्थ तोलायचे तर हाच.

आणि टायगरचे पप्पा, थांबा, तुमचं फॅट पण तसंच काढा: २.५ भागिले १६ म्हणजे १५.६%. ड्रायमधलं १० भागिले ९० म्हणजे ११%. जे कमी वाटतंय तेच जास्त आहे. म्हणून नुसतं २.५ बघून घेऊ नका बरं का.

अजून एक. "क्रूड" हा शब्द आहे ना, तो लॅबचा शब्द आहे. आम्ही प्रोटीन थेट मोजतच नाही. सॅम्पल तीव्र सल्फ्युरिक अॅसिडमध्ये तापवून पार विरघळवायचं, काळं होतं, धूर निघतो, मग हळूहळू नितळ होत जातं, त्यातला नायट्रोजन किती ते मोजायचं आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. केल्डाल पद्धत. आता नायट्रोजन चिकनच्या मांसातून आला की चामडी-पिसातून आला की गव्हाच्या ग्लूटेनमधून, त्या मशिनला काही फरक कळत नाही. २००७ मध्ये अमेरिका-कॅनडात हेच झालं, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर म्हणून टेस्टमध्ये प्रोटीन छान दिसायचं, आणि कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या. मुख्यतः ग्रेव्हीतले तुकडे असलेले वेट फूडचेच माल परत मागवावे लागले होते. तेव्हा प्रोटीनचा आकडा मोठा आहे एवढ्यावर पदार्थ चांगला असं मी तरी कधीच म्हणणार नाही. घटकांच्या यादीत ते प्रोटीन कशातून आलंय ते बघा.

चिकूची_ताई
अरे बापरे, हे तर कुणीच सांगत नाही. खूप धन्यवाद दादा. मग यादी कशी वाचायची? माझ्या पाऊचवर पहिलं चिकन, मग पाणी, मग चिकन लिव्हर, गव्हाचं ग्लूटेन, टॅपिओका स्टार्च, ग्वार गम, मग मिनरल आणि व्हिटॅमिनची लांबलचक नावं.

शिरवळ_टू_नाशिक
मी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे, सध्या इंटर्नशिप चालू आहे, घर म्हसरूळला. डॉक्टर अजून झाले नाही त्यामुळे औषधपाणी मी इथे सांगणार नाही, पण हा विषय माझ्या खूप जवळचा आहे, कारण छोट्या कुत्र्यांच्या खाण्याकडे घरोघरी सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. "एवढुसा तर आहे, काहीही खाईल."

लॅबवाले दादांनी छान समजावलंय. पण माझ्या मते प्रोटीनच्याही आधी पाऊचवर एक ओळ शोधायची: हे "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आहे का, आणि कोणत्या वयासाठी. हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात बारीक छापलेली असते. तिथे "कॉम्प्लिमेंटरी" किंवा "फॉर सप्लिमेंटल फीडिंग" लिहिलं असेल तर ते रोजचं पोटभर जेवण नाही, वरून घालायचं तोंडीलावणं आहे, मग पुढच्या बाजूला चिकनचा कितीही सुंदर फोटो असो. दुकानात दोन पाऊच शेजारी शेजारी, सारख्याच रंगाचे, सारख्याच किमतीचे, एक पूर्ण आहार आणि दुसरं तोंडीलावणं, असं अगदी सर्रास असतं.

वय पण बघा. "अॅडल्ट मेंटेनन्स" म्हणजे मोठ्यांसाठी. "ऑल लाइफ स्टेजेस" म्हणजे पिल्लाच्या वाढीलाही पुरेल असं. अमेरिकेतल्या आफकोच्या तक्त्यात मोठ्या कुत्र्याला ड्राय मॅटरवर किमान १८% प्रोटीन आणि ५.५% फॅट, आणि पिल्लांना २२.५% आणि ८.५% लागतं. युरोपात फेडियाफचे, म्हणजे तिथल्या पेट फूड उत्पादकांच्या संघटनेचे तक्ते आहेत. एक गैरसमज मात्र काढून टाका, "आफको अप्रूव्ह्ड" असं काही नसतं. ती संस्था कुठल्याही फूडला मंजुरी देत नाही, तपासतही नाही, फक्त निकष ठरवते. आफकोच्या तक्त्याप्रमाणे बनवलंय असं कंपनी म्हणते, किंवा प्रत्यक्ष कुत्र्यांना खायला घालून चाचणी केली असं म्हणते. यातलं काय केलंय तेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

यादीबद्दल: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि ते वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट. ताज्या चिकनमध्ये साधारण सत्तर टक्के पाणीच असतं म्हणून ते पहिल्या नंबरवर येणं सोपं आहे. त्यामुळे "पहिला घटक चिकन" एवढ्यावर खूश होऊ नका. आणि "चिकन" आणि "विथ चिकन" यात जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकेच्या नियमात "विथ चिकन" लिहायला ३% चिकन पुरतं, युरोपात ४%. "डिनर", "एंट्री" असं काही नाव जोडलं तर २५%. आणि नुसतं "चिकन फॉर डॉग्ज" म्हणायचं तर ९५%, वरचं पाणी धरलं तरी ७०%. बाहेरून आलेले पाऊच इथे खूप मिळतात, थायलंडचे तर भरपूर, त्यामुळे ही भाषा तुम्हाला पाऊचवर दिसेलच.

लिव्हर बघून नाक मुरडू नका, लिव्हर पौष्टिक आहे. स्पष्ट नाव लिहिलेलं चांगलं, "मीट अँड अॅनिमल डेरिव्हेटिव्ह्ज" असं मोघम लिहिलेलं असेल तर आज कोंबडी, उद्या अजून काही, कळायला मार्ग नाही. ज्या कुत्र्याला अॅलर्जी आहे त्याच्यासाठी तर ते अजिबात नको.

पंचवटी_अ
ग्वार गम म्हणजे केमिकल ना? मी तर गम लिहिलेलं दिसलं की ठेवून देते.

शिरवळ_टू_नाशिक
नाही ताई, आपण भाजी करतो त्या गवारीच्याच बियांचं पीठ ते, राजस्थानात ढिगाने होतं. ग्रेव्ही दाट करायला टाकतात. काही नाजूक पोटाच्या कुत्र्यांना गम जास्त झाले की पातळ शी होते, तेवढं लक्ष ठेवा, बाकी घाबरायचं कारण नाही. आणि ती व्हिटॅमिनची लांबलचक नावं असणं चांगलंच. पाऊच सील करून साधारण १२१ डिग्रीला वाफेच्या दाबाखाली शिजवतात, म्हणून तर ते बाहेर महिनोन् महिने टिकतं आणि वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. पण त्या उष्णतेत थायमिन, म्हणजे बी-१, बरंच नष्ट होतं, ते परत घालावं लागतं. यादीत थायमिनचं नाव दिसलं तर बनवणाऱ्याला याची जाण आहे असं समजा. पूर्ण आहार म्हणवतंय आणि यादीत फक्त चिकन, पाणी, गाजर, तर मला तरी शंका येईल.

जेलरोडकर
वाचलं सगळं. पण डॉक्टरबाई, चिकन-भातात काय वाईट ते सांगा. ताजं असतं, डोळ्यासमोर शिजतं.

शिरवळ_टू_नाशिक
काका, डॉक्टरबाई म्हणू नका हो अजून, लेकीसारखी आहे तुमच्या. ताजं आहे हे शंभर टक्के बरोबर. कमी काय पडतं ते सांगते. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. कुत्र्याला जेवणातलं कॅल्शियम फॉस्फरसएवढं किंवा थोडं जास्त, दुपटीपर्यंत, लागतं. रोज नुसतं चिकन-भात दिलं की शरीर कॅल्शियम हाडातून ओढून घेतं. पिल्लांमध्ये पाय वाकतात, नुसतं सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. ओपीडीत अशी पिल्लं येतात, घरचे म्हणतात रोज अर्धा पाव चिकन खातो मॅडम, काही कमी पडू देत नाही. मनापासून खाऊ घालतात हो माणसं, पण त्या एक्स-रेमध्ये हाडं काचेसारखी फिकट दिसतात. मोठ्या कुत्र्यात हे हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही. घरचंच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण पशुआहारातल्या जाणकाराकडून मोजमाप करून घ्या, कॅल्शियम-झिंक-आयोडीनसकट.

जेलरोडकर
हे माहीत नव्हतं. आमच्या राणीचं वय झालंय, पुढच्या वेळी नेतो तेव्हा डॉक्टरांना विचारतो. पण चिकनचं पाणी तरी चालेल ना?

द्राक्षवाला_दिंडोरी
काका, चिकनचं पाणी चालेल पण कांदा-लसूण न टाकता केलेलं, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे लासलगाव पिंपळगाव हाकेच्या अंतरावर, घरात कांद्याशिवाय काही शिजत नाही, आणि रश्शातलं पाणी काढून कुत्र्याला घालायची सवय सगळ्यांना. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला असो की पावडर असो. बाजारातले माणसांचे सूप क्यूब आणि मसाला पाकिटं यात बहुतेक वेळा कांद्याची पावडर असते.

आणि माझा जीव ज्यात अडकलाय ते सांगतो. द्राक्ष, मनुका, बेदाणे, काळी मनुका, कुत्र्याला एकसुद्धा नको. किडनी बंद पडते. मी बागायतदार आहे, सीझनला पॅकहाऊसवर गळालेले मणी पडलेले असतात, आमची कुत्री मी त्या दिवसांत बांधून ठेवतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी यामागे टार्टारिक अॅसिड असावं असं लिहिलंय, आणि चिंचेतही तेच असतं, म्हणजे चिंच-गुळाची आमटी पण कुत्र्यापासून लांब. चार किलोच्या कुत्र्याला तर मूठभर बेदाणे म्हणजे फार झाले. नाशिकमध्ये पाहुणे आले की द्राक्षांची प्लेट टीपॉयवरच असते, जरा उंचावर ठेवा. खाल्लं असं नुसतं वाटलं तरी लगेच डॉक्टर गाठा, लक्षणांची वाट बघू नका.

धागा वेट फूडचा आहे, विषयांतर झालं असेल तर माफ करा पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिकूची_ताई
अजिबात विषयांतर नाही दादा, उलट बरं झालं. आमच्याकडे नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणे हमखास खाली पडतात.

पंचवटी_अ
माझा प्रश्न राहिला. आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, सासूबाईंना घरात चिकनचं पाऊच चालणार नाही. शित्झू आहे, ६ किलो. शाकाहारी वेट फूड मिळतं पण ते दिलं तर अन्याय होतोय का कुत्र्यावर? इथे मनमोकळं सांगा, टोमणे नकोत.

शिरवळ_टू_नाशिक
टोमणा कशाला ताई. मांजर असती तर नाही म्हटलं असतं, मांजराला टॉरिन, अॅराकिडोनिक अॅसिड, तयार व्हिटॅमिन ए हे सगळं प्राण्यातूनच लागतं. कुत्र्याचं तसं नाही, नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर कुत्रा चांगला राहू शकतो. पण "नीट आखलेल्या" यावर सगळं अवलंबून आहे, म्हणजे मघाची ती पूर्ण आहाराची ओळ तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाची. मेथिओनिन, टॉरिन, एल-कार्निटिन, व्हिटॅमिन डी, बी-१२ हे यादीत वेगळे घातलेले दिसायला हवेत.

कडधान्यांवर भर असलेल्या फूडबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने वाटाणा-मसूर जास्त असलेल्या, धान्य नसलेल्या फूडचा आणि हृदयाच्या स्नायूच्या एका आजाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही, २०२२ च्या शेवटी त्यांनी सांगितलं की नवीन काही ठोस हाती आल्याशिवाय आता माहिती देणार नाही. म्हणून "ग्रेन-फ्री" लिहिलंय म्हणजे भारी असं समजू नका, आणि शाकाहारी देत असाल तर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून हृदय ऐकून घ्या.

कॉलेजरोड_पग
सगळं छान चाललंय पण कुणी कॅलरीवर बोलतच नाहीये. आमचा पग कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या बाजूने दोन पावलं चालला की धापा टाकतो, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. पाऊचवर कॅलरी लिहिलेलीच नाही. कशी काढायची?

अंबड_लॅबवाला
हे माझ्या वाटणीचं. ताईंचंच पाऊच घेऊ. राख, म्हणजे सॅम्पल जाळल्यावर उरणारी खनिजं, साधारण २% धरू, पाऊचवर नसते लिहिलेली. १०० मधून पाणी ८४, प्रोटीन ७.५, फॅट २.५, फायबर १, राख २ वजा केले की उरले ३, ते कर्बोदक. प्रोटीन आणि कर्बोदक एका ग्रॅमला ३.५ कॅलरी, फॅट ८.५. म्हणजे २६ अधिक २१ अधिक १०.५, सगळं मिळून १०० ग्रॅमला ५८ कॅलरी. ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये ४६.

शिरवळ_टू_नाशिक
आणि कुत्र्याला लागतात किती: वजन किलोत घ्या, वजन गुणिले वजन गुणिले वजन करा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा वर्गमूळ दाबा, त्याला ७० ने गुणा. चिकूचं ४ किलो, म्हणजे ६४, वर्गमूळ ८, परत वर्गमूळ २.८३, गुणिले ७०, म्हणजे १९८. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, नॉर्मल हिंडणाऱ्या मोठ्या कुत्र्याला साधारण १.६ पट, म्हणजे ३१७ कॅलरी. हा सुरुवातीचा अंदाज, पुढे वजन आणि बरगड्या बघून कमी-जास्त करायचं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, केसाळ पॉममध्ये नजरेने काहीच कळत नाही, हातच लावावा लागतो.

आता भागाकार करा. ३१७ भागिले ४६. चिकूला नुसत्या या पाऊचवर ठेवायचं तर दिवसाला जवळजवळ सात पाऊच.

चिकूची_ताई
सात??? म्हणजे रोजचे तीनशेच्या वर. आणि मागे लिहिलंय "२ ते ३ पाऊच रोज".

शिरवळ_टू_नाशिक
म्हणूनच मी सारखी म्हणतेय की कॅलरी विचारा. कमी पाऊचवर ठेवलं तर कुत्रा उपाशी राहतो आणि पूर्ण पाऊचवर ठेवलं तर घर परवडत नाही, आणि मोठ्या कुत्र्यात थोडी चूक खपून जाते तशी इथे खपत नाही. चिहुआहुआ, यॉर्की, पॉम यांच्या छोट्या पिल्लांची तर दोन जेवणं चुकली तरी रक्तातली साखर उतरते, थरथरतात, फिट येते.

तुमच्यासाठी मिश्र हा चांगला मार्ग. ड्राय ७५ ग्रॅम दिलं तर त्याच हिशोबाने सुमारे २४५ कॅलरी, आणि उरलेल्या सत्तरसाठी दीड पाऊच. दीड पाऊचमधून शंभर मिली पाणी पोटात जातं, ज्यासाठी तुम्ही हे सुरू करताय. लघवी पातळ राहते, खड्यांची प्रवृत्ती असलेल्या छोट्या जातींना याचा उपयोग होतो. पण हे पाऊच पूर्ण आहार असेल तरच. तोंडीलावणं निघालं तर सगळे वरचे खाऊ मिळून दिवसाच्या दहा टक्के कॅलरी, म्हणजे चिकूला ३२, एक पाऊचसुद्धा नाही.

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा, वाटीने मोजू नका. चार किलोच्या कुत्र्यात दहा ग्रॅम ड्राय जास्त म्हणजे दिवसाच्या खाण्याचा दहावा हिस्सा जास्त. एकदम बदलू नका, आठवडा-दहा दिवसांत हळूहळू. उरलेलं पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा, आणि एप्रिल-मेमध्ये वाडग्यात उरलेलं तासाभरात उचला, नाशिक आता पूर्वीसारखं थंड कुठे राहिलंय. आणि "वेट फूडने दात किडतात म्हणून ड्रायच हवं" असं कुणी म्हटलं तर, साध्या ड्रायने दात फारसे साफ होत नाहीत, छोट्या तोंडात दात दाटीवाटीने असतात, ब्रशच करावा लागतो.

चिकूची_ताई
अपडेट देतेय. पाऊचवर कस्टमर केअरचा ईमेल होता, तिथे प्रश्न पाठवले: कॅलरी किती, किमान-कमाल नको तर प्रत्यक्षात सरासरी किती प्रोटीन-फॅट, कॅल्शियम-फॉस्फरस किती, आणि फॉर्म्युला कुणी बनवलाय, त्यांचं शिक्षण काय. आज उत्तर आलं. १०० ग्रॅममध्ये ६८ कॅलरी, मॉइश्चर ८३, प्रोटीन ८.१, फॅट ३.४, कॅल्शियम ०.२५, फॉस्फरस ०.२०. पूर्ण आहार आहे, मोठ्या कुत्र्यांसाठी, तक्त्याप्रमाणे बनवलेला, खायला घालून चाचणी केलेली नाही. फॉर्म्युला कुणाचा यावर "आमची तज्ज्ञ टीम" एवढंच.

शिरवळ_टू_नाशिक
वा ताई, हे फार छान केलंत, प्रत्येकाने करावं. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.२५ ला १, बरोबर बसतंय. शेवटच्या प्रश्नावर नाव नको, पण पशुआहारात पदव्युत्तर शिक्षण झालेलं कुणी आहे का, एवढं परत एकदा विचारा. जागतिक छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, तीसुद्धा पालकांना हेच प्रश्न विचारायला सांगते. मधल्या काळात दीड पाऊच आणि साधारण ७२ ग्रॅम ड्राय असं चालू ठेवायला माझी हरकत नाही, कॅलरी थोडी जास्त निघाली ना.

टायगरचे_पप्पा
म्हणजे फॅट छापलेलं २.५ आणि प्रत्यक्षात ३.४?

अंबड_लॅबवाला
हो, आणि त्यात खोटं काही नाही, छापलेलं "किमान" आहे. किमान म्हणजे याच्या खाली जाणार नाही, वर कितीही. तुमच्यासारख्या केसमध्ये फॅट टक्क्यांत बघूच नका, हजार कॅलरीमागे किती ग्रॅम ते बघा. ६८ कॅलरीत ३.४ ग्रॅम, म्हणजे हजारात ५०. ताईंच्या ड्रायचा छापील आकड्यांवरून काढला तर ३० च्या आसपास येतो.

टायगरचे_पप्पा
डॉक्टरांना फोन करून हा हजार कॅलरीचा आकडा विचारला. ते म्हणाले टायगरला २५ च्या आत ठेवा. म्हणजे हे पाऊच आमच्यासाठी बाद. कमी फॅटचं वेट फूड असतं का मग?

शिरवळ_टू_नाशिक
असतं, पोटाच्या विकारांसाठीचं लो-फॅट वेट फूड डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतं, त्याच्या माहितीपत्रकात हजार कॅलरीमागचं फॅट दिलेलं असतं. डब्यावरचं "लाइट" वाचून दुकानातून परस्पर उचलू नका. डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पहिल्यांदा एकच डबा आणा, डॅशहुंडने तोंड लावलं तर पुढचे मागवा.